‘साताऱ्यात’ का सापडत नाही?

कोयनेचे सहा वक्र दरवाजे उचलल्याची बातमी आली की सांगलीत घरोघरी मोबाईलवर एकच गोष्ट शोधली जाते: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे? मगरमच्छ कॉलनी, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रस्ता या भागांत सामान माळ्यावर टाकायचे की घरच सोडायचे, हे त्या एका आकड्यावर ठरते. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. आणि नेमक्या अशा वेळी ‘सांगली पाणी पातळी’ एवढेच लिहून शोधले तर वर येतात ते बरेचदा २०१९ च्या महापुराचे व्हिडिओ. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेच दृश्य पुन्हा मोबाईलवरून मोबाईलवर फिरते आणि आधीच धास्तावलेल्या गल्लीत आणखी घबराट पसरते.

यात शोधयंत्राने खोटे काही सांगितलेले नसते. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी गूगल उभारले ते एका साध्या कल्पनेवर: ज्या पानाकडे जास्त पाने बोट दाखवतात ते पान महत्त्वाचे. आज क्रम लावताना आणखी शेकडो गोष्टी पाहिल्या जातात, पण वजनाचा हिशेब सुटलेला नाही. २०१९ च्या बातम्यांना देशभरातून दुवे जोडले गेले आहेत. आज सकाळी निघालेल्या पत्रकाला अजून एकही नाही. ताजे आहे, पण हलके आहे, म्हणून ते खाली राहते.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही करावे लागतात. निकालांच्या वरची पट्टी शेवटपर्यंत सरकवली की ‘साधने’ दिसते. त्यात ‘कोणत्याही वेळी’ याच्या जागी ‘मागील २४ तास’ निवडायचे. दुसरा उपाय शब्दांचा. प्रशासनाच्या रोजच्या पत्रकात ‘पाणी किती आहे’ असे कधीच लिहिलेले नसते. तिथे ‘फूट’, ‘इंच’, ‘विसर्ग’, ‘क्युसेक’ हे शब्द असतात. म्हणून ‘आयर्विन पूल फूट इंच’ किंवा ‘कोयना विसर्ग क्युसेक’ असे शोधावे. पुलाचे नावसुद्धा कुणी ‘आयर्विन’ लिहितो, कुणी ‘आयर्वीन’, कुणी ‘इर्विन’. एका रूपाने मिळाले नाही तर दुसरे घालावे. एवढे करूनही सापडलेले पान उघडून आतली तारीख डोळ्यांनी वाचावी लागते, कारण काही संकेतस्थळे जुन्याच बातमीवर नवी तारीख चढवतात आणि शोधयंत्र ती खरी धरते.

इथे या लेखाचे म्हणणे मांडतो. नीट शोधता येणे ही आता चैन किंवा हौस राहिलेली नाही, पूर, पीक, जमीन आणि पैसा यांच्याशी तिची गाठ आहे. ती विद्या लोकांना शिकवलीच पाहिजे. पण सगळा दोष शोधणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. मराठीत जे सापडत नाही, त्यातले पुष्कळसे सापडेल अशा रीतीने टाकलेलेच नसते, आणि ते टाकणारी बहुतेक ठिकाणे जनतेच्या पैशावर चालतात.

आधी शोधणाऱ्याच्या वाट्याचे काम. त्यातले सर्वांत मोठे काम चिन्हे पाठ करण्याचे नव्हेच. आपण प्रश्न आपल्या तोंडच्या शब्दांत विचारतो आणि उत्तर मात्र कुणीतरी आपल्या कार्यालयाच्या भाषेत लिहून ठेवलेले असते. यंत्र शब्दाला शब्द जुळवते, अर्थाचा अंदाज बांधते, पण मराठीत तो अंदाज इंग्रजीइतका पक्का नाही. त्यामुळे उत्तर लिहिणाऱ्याने कोणता शब्द वापरला असेल, हा विचार शोधण्याआधी करायचा.

ठिबकचे अनुदान घ्या. ‘ठिबक सबसिडी’ म्हटले की कंपन्यांच्या जाहिराती आणि यूट्यूबचे व्हिडिओ येतात. शासनाच्या कागदात ‘सूक्ष्म सिंचन’ हा शब्द आहे, योजनेचे नाव ‘प्रति थेंब अधिक पीक’ आहे. अतिवृष्टीत पीक गेले की आपण ‘नुकसान भरपाई’ शोधतो, पण मदतीच्या शासन निर्णयात शब्द असतो ‘निविष्ठा अनुदान’. हा एक शब्द ठाऊक असणारा माणूस दोन मिनिटांत मूळ कागदापर्यंत जातो आणि ठाऊक नसणारा दिवसभर ‘मोठी बातमी, यादी जाहीर’ असल्या मथळ्यांत हिंडतो. आपण ‘भाव’ म्हणतो, पणन मंडळाच्या तक्त्यात ‘सर्वसाधारण दर’ असतो. आपण ‘हळदीची पाने पिवळी पडली, काय मारू’ असे विचारतो, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पत्रिकेत ‘कंदकूज’, ‘कंदमाशी’ आणि त्याला जोडून ‘व्यवस्थापन’ हा शब्द येतो. शेतीतला कोणताही रोग किंवा कीड शोधताना नावापुढे ‘औषध’ न लिहिता ‘व्यवस्थापन’ लिहून पाहावे. दुकानदारांची पाने मागे पडतात आणि संशोधन केंद्रांची पुढे येतात. हळदीसाठी कसबे डिग्रज, उसासाठी पाडेगाव, द्राक्षासाठी मांजरीचे राष्ट्रीय केंद्र. शब्दांसोबत केंद्राच्या गावाचे नाव टाकले तरी निकालांचा पोत बदलतो.

शासन निर्णयांची एक खूण फार थोड्यांना ठाऊक असते. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी अठरा आकडी संकेतांक छापलेला असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा निर्णय फिरत आला तर हा संकेतांक पाहावा. तारखेशी तो जुळत नसेल तर कागद संशयास्पद. जुळत असेल तर राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर संकेतांक घालून मूळ प्रत काढावी. फिरत आलेल्या प्रतीत पाने गाळलेली असतात, अटींचे पान तर हमखास.

चिन्हांचे थोडक्यात सांगतो, कारण ती मोजकीच आहेत. शब्दसमूह दुहेरी अवतरणात घातला की तो जसाच्या तसा शोधला जातो. एखादा शब्द नको असेल तर त्याआधी मोकळी जागा सोडून, शब्दाला चिकटून उणे चिन्ह द्यायचे. इंग्रजी अक्षरांत ‘साईट’, त्याला चिकटून कोलन, आणि त्याला चिकटून जीओव्ही डॉट इन असे लिहिले की फक्त सरकारी संकेतस्थळे उरतात. त्याच रीतीने ‘फाईलटाईप’, कोलन, पीडीएफ असे लिहिले की फक्त पीडीएफ येतात. मध्ये कुठेही जागा सुटली की चिन्ह निकामी होते आणि यंत्र तो साधा शब्द समजते. चुका होतात त्या बहुधा इथेच. द्राक्षबागायतदारांना ज्या ‘अ‍ॅनेक्शर ५’ चे काम पडते, म्हणजे निर्यातीच्या बागेत चालणाऱ्या औषधांची यादी, ती इंग्रजीत हे नाव, हंगामाचे वर्ष आणि पीडीएफची अट घालून शोधावी. यादी बदलत राहते, म्हणून वर्ष घातल्याशिवाय उघडूच नये.

गावांच्या नावांनी मात्र आपल्याकडे वेगळाच घोटाळा होतो. विट्यातले दुकान शोधायला ‘विटा’ लिहिले की भट्टीच्या विटांचे दर समोर येतात. ‘औंध’ म्हटले की पुण्याचे उपनगर येते आणि श्रीभवानी वस्तुसंग्रहालयाचे औंध मागे राहते. ‘कोरेगाव’, ‘पाटण’ यांचेही तेच. इथे उणे ‘पुणे’ लिहिण्याचा मोह होतो, पण तो फसवा आहे. औंधच्या चांगल्या पानावर ‘पुणे ते औंध’ असा रस्ता दिलेला असेल तर तेही पान गळते. काढून टाकण्यापेक्षा जोडावे: ‘औंध खटाव’, ‘विटा खानापूर’. पत्ता हवा असेल तर पिनकोड जोडावा. विट्याचा ४१५३११ लिहिला की विटांचा प्रश्नच मिटतो.

आता मराठीपुरती असलेली आणि फारशी बोलली न जाणारी अडचण. ‘सातारा’ हा शब्द सोपा आहे, पण त्याला ‘त’ लागला की ‘साताऱ्यात’ होते, आणि तो मधला अर्धा र संगणकात तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि मग ‘य’: साताऱ्यात. दोन, साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह आणि ‘य’: सातार्‍यात. तीन, ते जोडचिन्ह विसरले की रफार होतो: सातार्यात. पहिले दोन डोळ्यांना सारखेच दिसतात, आतले संकेत मात्र वेगळे. ‘शेतकऱ्यांना’, ‘कऱ्हाड’, ‘दौऱ्यावर’, ‘वाऱ्याने’, सगळीकडे हेच. ‘अ‍ॅप’मधल्या पहिल्या अक्षराचीही अशीच तीन रूपे आहेत. त्यातले मराठीसाठीचे स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आले ते २००८ मध्ये, तोवर लोकांनी मिळेल तशी जोडाजोड केली आणि ती वेबवर तशीच राहिली.

मोठी शोधयंत्रे यातले काही भेद आपणहून मिटवतात. पण एखाद्या कार्यालयाच्या संकेतस्थळातला आतला शोध, पीडीएफ उघडून केलेला शोध, एक्सेलमधल्या लाभार्थी यादीतला शोध हे बहुतेक वेळा मिटवत नाहीत. यादीत नाव आहे, शोधात नाही, आणि माणूस ‘आपलं नाव आलं नाही’ म्हणून परत फिरतो. अशा वेळी पूर्ण शब्द न लिहिता अडचणीच्या अक्षराआधीचा तुकडा लिहावा: ‘सातार’, ‘शेतक’. आडनावात ‘ऱ्हा’, ‘ऱ्या’ असेल तर शोध नावावर किंवा गट क्रमांकावर घ्यावा. आकडेही दोन लिपींत असतात. ‘को ८६०३२’ ही उसाची जात देवनागरी आकड्यांत सापडली नाही तर इंग्रजी आकड्यांत शोधावी.

दुसरी गोष्ट विभक्तीची. इंग्रजीत ऊस हा शब्द एकाच रूपात फिरतो. मराठीत ‘ऊस’ चा ‘उसाला’, ‘उसावरील’, ‘उसाच्या’ होतो, पहिले अक्षरसुद्धा दीर्घाचे ऱ्हस्व होते. ‘पाऊस’ चा ‘पावसाने’ होतो. हे सगळे एकाच शब्दाचे आहे हे यंत्राला दरवेळी कळेल याचा भरवसा नाही, आणि अवतरणात घातले तर कळण्याचा प्रश्नच नाही. म्हणून मराठीत अवतरणचिन्ह जपून वापरावे. ‘ऊस हुमणी व्यवस्थापन’ असे सुटे शोधून झाले की ‘उसावरील हुमणी’ असेही शोधावे. निकाल चांगलेच वेगळे येतात.

बोलून शोधणे आता खूप वाढले आहे आणि ज्यांना टंकता येत नाही त्यांच्यासाठी ते वरदान आहे. फक्त बोलताना आपण गोष्ट सांगितल्यासारखे सांगतो. गूगल एका शोधात ३२ शब्दांपलीकडचे धरत नाही. ‘नमस्कार, माझी दोन एकर बाग आहे’ यातच सहा शब्द संपतात. चार-पाच नामे बोलावीत, क्रियापदे सोडून द्यावीत.

काही गोष्टी तर शोधयंत्रात शोधूच नयेत. सातबारा, खातेउतारा, न्यायालयातल्या खटल्याची तारीख हे सगळे फॉर्म भरल्यावर तयार होणारे पान असते. शोधयंत्राने आधी वाचून ठेवलेल्या पानांत ते नसतेच. शोधयंत्र फक्त दारापर्यंत नेते, आत आपले आपण जायचे. आणि दार खोटे असू शकते. ‘सातबारा ऑनलाईन’ म्हणताच सरकारी वाटतील अशा नावांची खासगी पाने येतात, काही पैसे घेतात, काही मोबाईल नंबर गोळा करतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन आहे का ते पाहावे, कारण हे शेवट खासगी माणसाला मिळत नाहीत. ‘प्रायोजित’ अशी पट्टी असलेला निकाल पैसे देऊन वर आलेला असतो. बँकेचा किंवा गॅस कंपनीचा मदत क्रमांक शोधयंत्रातून कधीही घेऊ नये. तो पासबुकावर, कार्डाच्या मागे, बिलावर छापलेला असतो. खोटे क्रमांक याच शोधासाठी पेरलेले असतात. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा. जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.

अलीकडे निकालांच्या वर यंत्राने तयार केलेले आयते उत्तर दिसते. ते सोयीचे आहे आणि बऱ्याच साध्या प्रश्नांना पुरतेही. औषधाच्या मात्रेसाठी मात्र त्यावर विसंबणे मला घातक वाटते. अशा उत्तरात ‘प्रति हेक्टर’, ‘प्रति एकर’ आणि ‘प्रति लिटर पाणी’ यांची सरमिसळ होऊ शकते. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. हेक्टरची मात्रा एकराला गेली तर पीक अडीचपट औषध पिते, आणि निर्यातीच्या द्राक्षात अवशेष सापडला की अख्खा कंटेनर अडकतो. आयत्या उत्तराखालचा दुवा उघडून मूळ ओळ वाचायची, नंतर डब्यावरच्या लेबलशी ताडायची, आणि मगच टाकीत हात घालायचा.

इथवर शोधणाऱ्याचे झाले. आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते जास्त तातडीची.

गावच्या, तालुक्याच्या पातळीवरची बरीच माहिती आज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून फिरते. निविदा, पाणीपट्टीची सूचना, आरक्षण सोडत, लसीकरणाचा दिवस. छापील कागदाचा मोबाईलने काढलेला तिरका फोटो, त्यावर शिक्का, शिक्क्याखाली दबलेली तारीख. संकेतस्थळावर टाकलेला कागद बरेचदा स्कॅन असतो आणि फाईलचे नाव ‘स्कॅन ००१’. यंत्रे हल्ली चित्रातली अक्षरे वाचतात हे खरे, पण शिक्के, फाटके कोपरे आणि हातची मराठी यांत ती अडखळतात, आणि ‘स्कॅन ००१’ या नावावरून तर काहीच समजत नाही. तिसरा प्रकार जुन्या फाँटचा. श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटमध्ये मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरे आणि खुणा साठवलेल्या असतात. माणसाला ‘पाणीपुरवठा’ दिसतो, यंत्राला कचरा दिसतो.

हे ओळखायची चाचणी कुणालाही करता येते. कागद उघडा, एका ओळीवर बोट दाबून ती निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःलाच चिकटवा. ओळ निवडताच येत नसेल तर तो फोटो आहे. इंग्रजी अक्षरांचा काला आला तर जुना फाँट आहे. मात्रा-वेलांट्या इकडेतिकडे झाल्या तर पीडीएफ चुकीच्या पद्धतीने तयार झाली आहे. शुद्ध मराठी आली, तरच ते पान शोधात सापडण्याजोगे आहे.

याला पैसा लागतो असे म्हणता येत नाही. युनिकोड फुकट आहे, प्रत्येक संगणकात आणि मोबाईलमध्ये आहे, आणि शासनाच्याच सूचना त्याच्या बाजूने आहेत. कर्मचारी कमी आहेत, हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण तो कागद कार्यालयात संगणकावरच टंकलेला असतो. छापून, सही-शिक्का करून, पुन्हा स्कॅन करायला उलट जास्त वेळ जातो. सहीची प्रत हवी असेल तर तीही जोडावी, सोबत टंकलेला मजकूर टाकावा. हे अशक्य नाही याचा दाखला सातारा जिल्ह्यातच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत मराठी विश्वकोश उभा राहिला, १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड आला. ते जाडजूड छापील खंड युनिकोडमध्ये आणून वेबवर ठेवले गेले, म्हणूनच आज कुठल्या कोपऱ्यातला विद्यार्थी एक शब्द लिहितो आणि वाईतल्या नोंदीपर्यंत पोहोचतो. वीस खंडांचे जमते, मग एक पानी सूचनेचे का जमू नये?

कायदाही बाजूने आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये कुणी न मागता माहिती जाहीर करण्याची जबाबदारी कार्यालयावर टाकली आहे, आणि ती स्थानिक भाषेत व त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा पद्धतीने पोहोचवावी असेही तिथे म्हटले आहे. ज्या काळात लोक मोबाईलवर शोधतात त्या काळात परिणामकारक पद्धत म्हणजे शोधता येणारा मजकूर, असा अर्थ ग्रामसभेत मांडायला काहीच हरकत नाही. मागणी मोघम नको. ‘माहिती ऑनलाईन करा’ असे म्हटले की पुन्हा फोटोच येतो. मागणी अशी करावी: मजकूर युनिकोडमध्ये असावा, पहिल्याच ओळीत गाव, तालुका, जिल्हा आणि तारीख असावी, विषय लोकांच्या आणि कार्यालयाच्या अशा दोन्ही शब्दांत असावा, आणि फाईलच्या नावात विषय आणि वर्ष असावे.

हीच शिस्त बाजार समित्यांना लागू आहे. हळदीच्या फलकाचा फोटो टाकण्याऐवजी एक ओळ टंकली तर पुरे: बाजार समितीचे नाव, ‘राजापुरी हळद भाव’, तारीख, आवक किती क्विंटल, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर. ‘आजचा भाव’ असे मात्र लिहू नये. उद्या तेच पान ‘आजचा’ म्हणूनच उघडते, आणि शिराळ्यातला शेतकरी कालच्या दरावर टेम्पो भरतो.